चौकटीबाहेर राहिलेला पदर

सुरत-भुसावळ मार्गाने येणाऱ्या-जाणाऱ्या आपल्या भागातील माणसाला नवापूर स्टेशनाची ओळख करून द्यावी लागत नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि सीमेची रेघ या स्टेशनाच्या फलाटावरूनच गेली. गाडीचे काही डबे महाराष्ट्रात थांबतात, काही गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे. त्याच्या एका अंगावर महाराष्ट्र लिहिले आहे, दुसऱ्या अंगावर गुजरात. नवे जोडपे असो की म्हातारे आजोबा, त्या बाकावर बसून फोटो काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही.

मागे एकदा नववीच्या मुलांना घेऊन मी त्या गाडीने निघालो होतो. मुलांनी बाकावर दाटीवाटीने बसून फोटो काढला आणि गाडी सुटण्यापूर्वीच तो मोबाईलवरून जगभर पाठवून दिला. थोड्या वेळाने एक मुलगी तोंड वेंगाडून म्हणाली, "सर, आपले राज्यच कापले गेले!" मी पाहिले. फोटो आडवा होता, आणि ज्या ठिकाणी तो चढवला तेथील चौकट उभी. यंत्राने बाकाचा मधला भाग तेवढा ठेवला होता. दोन मुले, अर्धा बाक आणि गुजरात या शब्दातली शेवटची दोन अक्षरे. महाराष्ट्र तर समूळ गेला होता.

मुले हसली, मीही हसलो. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात अशी गोष्ट घोळत राहते. चित्र कोणी काढले, कशासाठी काढले, हे आपण विचारतो. चित्राची चौकट कोणी ठरवली आणि ती बदलली तेव्हा चित्रातले काय बाहेर राहिले, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारीत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर सुरतेइतके सोयीचे गाव दुसरे नाही. परक्या चौकटीत आपले चित्र बसवून देण्याचा धंदा हे शहर किमान पावणेचारशे वर्षे करीत आहे.

लंडनहून आलेले एक पत्र

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. महाराजांनी दोन वेळा लुटावे एवढी संपत्ती या बंदरात कोठून आली होती, याचे उत्तर मुख्यतः कापडात आहे. तापीच्या मुखाशी गुजरात, खानदेश आणि उत्तर हिंदुस्थानातले कापड येई आणि जहाजांतून इराण, अरबस्तान, आग्नेय आशिया व युरोपात जाई. आपल्या बुऱ्हाणपूरची रंगीत, छापील वस्त्रेही याच वाटेने सुरतेस पोहोचत.

या व्यापाऱ्यांची एक हातोटी होती. ज्या देशाला माल जायचा, त्या देशाच्या वापराला बेतेल अशी नक्षी ते करवून घेत. आग्नेय आशियात जाणाऱ्या कापडांच्या दोन्ही टोकांना उभ्या त्रिकोणांच्या ओळी असत, कारण तेथे कापड नेसण्याची तऱ्हा निराळी आणि ती टोके दर्शनी येत. तेच कापड आपल्याकडे नेसायचे झाले असते तर नक्षीची मांडणी वेगळी करावी लागली असती.

१६४३ सालची एक घटना तर आजच्या मुलांनाही सांगण्यासारखी आहे. लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी सुरतेच्या वखारीला कळवले की, तुमच्याकडून येणाऱ्या चित्रांकित रजयांची जमीन बहुधा उदास तांबडी असते आणि येथील गिऱ्हाइकाला ती रुचत नाही. यापुढे जमीन पांढरी अधिक ठेवावी आणि फुले व फांद्या रंगीत करून मधोमध घ्याव्यात. बाकी कारागिराच्या मर्जीवर. कापडावरच्या चित्राची मांडणी बदलण्याचा हा हुकूम हजारो मैलांवरून आला होता. देणाऱ्याने कारागीर पाहिलेला नव्हता आणि कारागिराने ते घर पाहिलेले नव्हते, ज्याच्या पलंगावर ती रजई पडणार होती.

कारागिरांनी काय केले? तांबडी जमीन सोडली, पांढरी घेतली. जॉन आयर्विन या वस्त्रेतिहासाच्या अभ्यासकाने दाखवून दिले आहे की, पुढे युरोपात हिंदुस्थानी म्हणून गाजलेला फुलांनी डवरलेल्या झाडाचा नमुना निखळ हिंदुस्थानी नव्हता. इंग्रजी मागणी, इराणी व चिनी वळणे आणि आपल्या कारागिराचा हात यांच्या मिश्रणातून तो घडला. चौकट परकी होती, तरी तीत बसवलेले झाड इतके जिवंत निघाले की लोकांना ते मूळचेच वाटले.

मात्र या कथेचा शेवटही ध्यानात घेतला पाहिजे. इंग्लंडातील लोकरीच्या व रेशमाच्या विणकरांनी ओरड केली आणि १७०० साली व पुन्हा १७२१ साली कायदे होऊन छापील सुती कापडाच्या आयात-वापरावर बंदी आली. ज्याने मांडणी ठरवून दिली त्यानेच दार लावले. कारागिराने कितीही चांगले जुळवून घेतले तरी दाराची किल्ली त्याच्या हाती नव्हती. ही गोष्ट पुढे पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

भीमजी पारेख आणि हट्टी अक्षरे

दुसरी कथा छापखान्याची. सुरतेतील भीमजी पारेख हे कंपनीचे दलाल आणि मोठे सावकार. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात त्यांनी कंपनीकडे मागणी केली की, आम्हांस एक छापणारा पाठवावा, आमचे जुने ग्रंथ आमच्या लिपीत छापावेत अशी इच्छा आहे. त्याप्रमाणे हेन्री हिल्स नावाचा मुद्रक १६७४ मध्ये मुंबईस आला. त्याला छापता येत होते, पण देशी अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. इंग्रजी अक्षरे एकेक सुटी असतात. ती शिशाच्या एकेका तुकड्यात मावतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. त्या चौकोनी तुकड्यात ते बसेना. पारेखांचा बेत तडीस गेला नाही. आपल्या अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणाच्या इतिहासात हा प्रसंग आस्थेने नोंदवला आहे.

येथे चौकट होती शिशाच्या खिळ्याची, आणि तिने पुढे आपल्या लेखनावर खोल परिणाम केला. गुजराती व्यापाऱ्यांच्या वह्यांतील बिनशिरोरेघेची लिपी खिळ्यांत उतरली आणि १८२२ साली निघालेल्या मुंबई समाचारापासून ती छापील गुजराती म्हणून रुळली. आपल्या मोडीचे नशीब मात्र वेगळे. आधी आडवी रेघ ओढून तीखाली हात न उचलता झरझर लिहिण्याची ही लिपी. सुट्या तुकड्यांची चौकट तिला मानवली नाही. छापायला बाळबोध, लिहायला मोडी असा काही काळ संसार चालला आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतूनही गेली. छपाईची गैरसोय हे त्याचे एक मोठे कारण होते. आज आपल्याच आजोबांनी लिहिलेले खरेदीखत वाचण्यासाठी आपल्याला जाणकार शोधावा लागतो. चौकटीबाहेर राहिलेली वस्तू लगेच नष्ट होत नाही. ती घरातच राहते, पण वाचता येईनाशी होते.

पोथीचेही असेच. हस्तलिखित पोथी आडवी, सुट्या पानांची. १८०५ मध्ये मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. पुढे शिळाप्रेस आला, आणि त्यात हातचे अक्षर जसेच्या तसे उतरत असल्याने मुंबईत कितीतरी पोथ्या आडव्याच छापल्या गेल्या. वाचणाऱ्याचा हात आणि डोळा आडव्या पानाला सरावलेला होता. नवे तंत्र आले म्हणून माणसाची सवय एका दिवसात बदलत नाही. काही काळ नवे तंत्रच जुनी चौकट पांघरते. आजही घरोघरी पारायणाच्या काही पोथ्या आडव्या मिळतात, त्या या सवयीच्या खुणा आहेत.

जाता जाता एक नोंद. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे सुरतेत शिक्षक होते, आणि १८४४ मध्ये तेथे निघालेल्या मानवधर्म सभेत दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांचा पुढाकार होता. मराठी आणि गुजराती माणूस एका बाकावर बसून विचार करू लागला, त्याला बराच काळ लोटला आहे.

काच, कागद आणि लेबल

छायाचित्रकला हिंदुस्थानात १८४० च्या सुमारास आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी होते. त्याच साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने भेटपत्राएवढ्या छोट्या फोटोंची पद्धत पेटंट करून घेतली. एका काचेवर अनेक छोटे फोटो निघू लागले, किंमत उतरली आणि मध्यम स्थितीतल्या माणसालाही फोटो परवडू लागला. पण चौकट लहान आणि उभी झाल्यामुळे बसण्याची तऱ्हाही ठरून गेली. एक उभे माणूस, शेजारी खुर्ची किंवा कुंडी, मागे पडदा. आपल्या घरांतील जुन्या फोटोंत पणजोबा त्या कुंडीशेजारी इतके ताठ का उभे, याचे अर्धे कारण स्वभावात असेल. उरलेले अर्धे त्या कागदाच्या मापात आहे.

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि नंतर श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. दरबाराच्या भिंतीसाठी काढलेली चित्रे देवघराच्या मापाची झाली. मग दिनदर्शिकेची, आगपेटीच्या लेबलाची, मालाच्या जाहिरातीची. माप जसजसे लहान झाले तसतशी पार्श्वभूमी गळत गेली. तळे गेले, महाल गेला, दूरचे डोंगर गेले. लक्ष्मी उरली, कमळ उरले. कोणी त्याच छापील चित्रांवर जर आणि टिकल्या चिकटवून देवीला खरी साडी नेसवली. छाटलेल्या चित्रात घरच्या बाईने आपली भर घातली, असेच ते म्हणावे लागेल.

त्याच काळात मँचेस्टरच्या आणि मागाहून आपल्या गिरण्यांच्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत कागदी लेबले येत. वाचता न येणारे गिऱ्हाईक घोडा छाप, मोर छाप असे चित्र पाहून ओळखीचा माल मागे. तळहाताएवढ्या कागदात एकच ठळक चित्र, भोवती महिरप आणि खाली एक-दोन लिप्यांत नाव. हे सूत्र त्या लेबलवाल्यांनी मुरवले. आजचा कापड-व्यापारी मोबाईलच्या पडद्यावर नेमके हेच करतो. त्याला ते नवे वाटते इतकेच.

साडेपाच मीटरचे चित्र

माझा एक विद्यार्थी सुरतेत रिंगरोडच्या मार्केटांपैकी एका ठिकाणी साड्यांच्या फोटोंचे काम करतो. त्याचे वडील लूमवर होते. आई लिंबायतच्या खोलीत बसून साड्यांना टिकल्या लावी, धागे कापी. आपल्या भागातील हजारो कुटुंबांची ही कथा आहे. तापीखोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, आणि स्वातंत्र्यानंतर सुरतेत यंत्रमाग वाढत गेले तसा खानदेश त्या रुळांवरून सुरतेस गेला. उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत आजही अहिराणी कानावर पडते.

त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याने मला चहा दिला आणि संगणकापुढे बसवले. म्हणाला, "सर, तुम्ही भूमितीत आम्हांला गुणोत्तर शिकवले होते. त्या वेळी वाटायचे, हे कुठे लागणार? आता दिवसभर तेच करतो."

त्याने मांडलेले गणित असे. साडी साडेपाच मीटर लांब, पन्हा एक मीटरच्या थोडा वर. म्हणजे साडी हेच मुळात पाचास एक या मापाचे आडवे चित्र. एका टोकाला पदर, दोन्ही कडांना काठ, अंगभर बुट्टी. पूर्वी हे चित्र दुकानात गादीवर झटकून उलगडले जाई. मग छापील कॅटलॉग आले. पाने जाड, गुळगुळीत, प्रत्येक पानावर साडी नेसलेली बाई. परगावचा व्यापारी त्यावरून माल मागवी. पानाचे माप छापखान्याशी ठरे आणि वर्षानुवर्षे तेच राही.

मोबाईलवर तसे नाही. इन्स्टाग्राम २०१० मध्ये निघाले तेव्हा फोटो चौरसच चढवावा लागे. २०१५ मध्ये उभे-आडवे फोटो घेण्याची मुभा मिळाली. २०१६ मध्ये चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या चित्रांचा प्रकार आला. तो पूर्ण पडद्याचा, म्हणजे रुंदी ९ तर उंची १६. २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर स्टेटस आले, तेही उभेच. यूट्यूबने २००८ मध्ये आपली चौकट रुंद करून १६ : ९ केली होती. त्याच यूट्यूबने २०२० मध्ये ९ : १६ चे छोटे उभे व्हिडिओ आणले. आणि जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने प्रत्येकाच्या पानावरील चित्रांची जाळी चौरसाऐवजी ३ : ४ अशी उभी करून टाकली. बहुतेक लोक आता उभेच चढवतात, असे कारण दिले गेले.

"त्या दिवशी काय झाले सांगू?" तो म्हणाला. "आम्ही नऊ चौरस तुकडे जोडून एकच मोठी पैठणीची चौकट मांडली होती. तीन ओळी, तीन रकाने. सकाळी उघडून पाहतो तर मोराची मान एकीकडे, पिसारा दुसरीकडे. भाव कडेला लिहिले होते, त्यांतले आकडे कापले गेले. दोन रात्री बसून सगळे पुन्हा केले."

हिशेब सोपा आहे. १०८० बिंदू लांबी-रुंदीचा चौरस ३ : ४ च्या चौकटीत उंची राखून बसवला तर रुंदी ८१० उरते. दोन्ही कडांचे १३५-१३५ बिंदू बाहेर जातात, म्हणजे चित्राचा पाव हिस्सा. साध्या कॅमेऱ्याचा ३ : २ चा आडवा फोटो ९ : १६ मध्ये घातला तर रुंदीचे शंभरातले जेमतेम साडेसदतीस भाग उरतात. नवापूरच्या बाकावर महाराष्ट्र का उरला नाही, ते मला तेव्हा आकड्यांत कळले.

मग त्यांनी उपाय काय काढले? ते ऐकताना मला त्या पांढऱ्या जमिनीच्या रजया आठवत होत्या. पहिला उपाय, फोटो घेतानाच भोवती भरपूर मोकळी जागा ठेवायची, म्हणजे त्याच एका फोटोतून चौरस, उभा आणि आडवा असे तिन्ही निघतात. दुसरा, महत्त्वाचे सारे मधल्या पट्ट्यात आणायचे. कडेला भाव नाही, नाव नाही. तिसरा, उभ्या व्हिडिओत खाली मजकूर येतो आणि उजवीकडे पसंतीची चिन्हे येतात, म्हणून काठ तेथे येऊ द्यायचा नाही. चौथा उपाय मला फार सूचक वाटला. पूर्वी चौरस फोटोत बाई दोन्ही हातांनी पदर आडवा पसरून दाखवी. आता ती तो खांद्यावरून समोर घेऊन खाली सोडते. पडद्याचे माप उभे झाले म्हणून पदर धरण्याची तऱ्हा बदलली. पुढे शंभर वर्षांनी कोणी हे फोटो पाहील आणि त्या काळी स्त्रिया पदर असाच घेत, असे लिहील. पणजोबांच्या कुंडीसारखेच.

"आणि आडवी साडी पूर्ण दाखवायचीच झाली तर?" मी विचारले.

"तर कॅमेरा फिरवतो, सर. टोकापासून पदरापर्यंत हळूहळू. चौकट लहान असली तर चित्रच चौकटीतून ओढून न्यायचे."

मला हे उत्तर आवडले. आपले चित्रकथी नाही तरी काय करीत होते? एकामागून एक चित्र पुढे धरायचे आणि कथा सांगायची.

मात्र १७२१ ची गोष्ट येथेही चुकलेली नाही. जून २०२० मध्ये टिकटॉकवर आपल्या देशात बंदी आली. बंदीची कारणे निराळी होती, त्यांत मी शिरत नाही. पण त्या एका ठिकाणी सारी चित्रे मांडून बसलेल्या माणसाचे दुकान एका रात्रीत मिटले. माझा विद्यार्थी म्हणाला, "तेव्हापासून आम्ही मूळ फोटो आमच्याकडेच ठेवतो, सर. तिकडे जाते ती नक्कल." या वाक्यासाठी मी त्याला पुन्हा एकदा प्रथम वर्ग दिला असता.

बाहेर कोण राहते?

व्यापाऱ्याची चौकट चुकली तर नुकसान पैशाचे होते. समाजाचे होते ते वेगळे असते.

चित्रातला कोणता भाग ठेवायचा हे यंत्राने ठरवले तर काय होते, याचा एक दाखला जगापुढे आलेला आहे. ट्विटरवर मोठा फोटो चढवला की त्यातला लक्षवेधी भाग यंत्र आपणहून निवडून दाखवी. २०२० साली लोकांच्या ध्यानात आले की गोरा आणि काळा असे दोन चेहरे असले की यंत्र गोऱ्याकडे झुकते. कंपनीने स्वतः तपासणी केली आणि २०२१ मध्ये असा कल असल्याचे मान्य करून तो प्रकार मागे घेतला. कोणाला चौकटीत घ्यावे हे कोणी वाईट हेतूने ठरवलेच पाहिजे असे नाही. कोणीच लक्ष दिले नाही तरी तेच घडते.

आपल्या दुभाषी घरांतले उदाहरण घ्या. सुरतेत राहणाऱ्या मराठी घरची लग्नपत्रिका पूर्वी घडीची असे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. शेजारचे पटेलकाका आपली बाजू वाचत, गावाकडचे मामा आपली. आता निमंत्रण मोबाईलवर उभ्या चित्रात येते. त्यात गणपती, वधूवर, तारीख, स्थळ आणि फुले एवढे बसवल्यावर मजकुराला जागा उरते एका भाषेपुरती. वेलांटी-उकारांमुळे आपल्या ओळींना उंचीही अधिक लागते, अक्षर बारीक केले तर आजोबांना दिसत नाही. मग दोहोंपैकी एक भाषा गळते. कधी मराठी, कधी गुजराती, कधी दोन्ही गळून इंग्रजी राहते. वास्तविक दोन चित्रे पाठवण्यास पैसाही लागत नाही. पण चौकट एकच आहे असे एकदा मनाने घेतले की माणूस दुसरे पान उलटायचे विसरतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या शाळेचा १९९४ सालचा सर्व सेवकांचा फोटो कार्यालयात लावलेला होता. व्हरांड्यात दोन रांगा, लांबच लांब. काही वर्षांपूर्वी शाळेच्या वर्धापनदिनी मी तो मोबाईलवर टिपून शाळेच्या पानावर चढवला. चौरसात मावेना म्हणून दोन्ही कडा कापल्या आणि मुख्याध्यापक मध्यभागी नीट आले याचे समाधान मानले. जुन्या विद्यार्थ्यांनी कौतुक केले.

संध्याकाळी सुरतेहून एका मुलाचा फोन आला. आमच्या शाळेत तीस वर्षे घंटा देणाऱ्या शिपाईमामांचा नातू. मामा जाऊन बरीच वर्षे झाली होती. मुलगा भीतभीतच म्हणाला, "सर, त्या फोटोत आमचे आजोबा होते ना? बाबा सांगत होते, होते म्हणून. मला दिसले नाहीत. घरात त्यांचा एकही फोटो नाही."

मी दुसऱ्या दिवशी फोटो भिंतीवरून उतरवला. मागच्या पुठ्ठ्यावर त्या वेळच्या लिपिकाने निळ्या शाईने सारी नावे लिहिली होती. बसलेले डावीकडून, उभे डावीकडून. उभ्या रांगेत अगदी डावीकडे शिपाईमामा, अगदी उजवीकडे रात्रीचे राखणदार. समूहाच्या फोटोत शिपाई कडेलाच उभा राहतो. त्याला कोणी तसे सांगत नाही, तो आपणहून राहतो. आणि कात्री नेहमी कडेलाच लागते. १९९४ च्या छायाचित्रकाराने त्यांना चौकटीत घेतले होते. बाहेर काढले ते मी, इतिहासाच्या शिक्षकाने.

मी पूर्ण फोटो पुन्हा चढवला. वर-खाली पांढरी पट्टी राहिली, चेहरे लहान झाले, दिसायला तो तितका देखणा नव्हता. खाली सारी नावे लिहिली. मामांचा चेहरा वेगळा मोठा करून त्या मुलाला पाठवला आणि त्याची कागदावर छापलेली प्रतही पोस्टाने धाडली. त्यानंतर तो मुलगा सुटीत आला की शाळेत डोकावल्याशिवाय जात नाही.

या अनुभवातून मी शाळेत तीन साधे नियम घातले आहेत. वाचकांनी घरी पाळावेत एवढे ते सोपे आहेत. मूळ फोटो कधीही कापायचा नाही, कापायची ती नक्कल. फोटो चढवताना कडेची माणसे कोण, हे आधी मोजायचे आणि मावत नसतील तर पट्ट्या सोडायच्या किंवा दोन चित्रे करायची. तिसरा नियम नावांचा. जुन्या फोटोला पाठ होती, तेथे नावे लिहिता येत. मोबाईलमधल्या फोटोला पाठ नाही, म्हणून नावे, गाव आणि साल सोबत लिहून ठेवायचे, शक्यतो वहीत.

चौकटी बदलतच राहणार. लंडनच्या संचालकांनी बदलल्या, खिळे पाडणाऱ्यांनी बदलल्या, दूरदेशीच्या कंपन्या आज बदलत आहेत आणि उद्याही बदलतील. सुरतेच्या कारागिराने दर वेळी नवे माप हाती घेतले आणि आपले झाड त्यात लावले. ते कसब आपणही शिकावे. नक्कल शंभर चौकटींत बसवावी. मूळ मात्र घरच्या पेटीत, पदरासकट, अख्खे असावे.

या वर्षी सहलीहून परतताना नवापूरला मुलांनी पुन्हा बाकावर फोटो काढला. या वेळी एका मुलाने सर्वांना उठवले, बाकाच्या मागे उभे केले आणि स्वतः लांब रुळांच्या बाजूला सरकत सरकत गेला. मी ओरडलो, "अरे, फलाटाची कड बघ!" तो थांबून म्हणाला, "सर, दोन्ही नावे आल्याशिवाय काढत नाही."